पाच फटक्यांची सूट

रोह्याच्या कंपनीचं स्वतःचं गोल्फचं मैदान आहे, हे पेणमधल्या निम्म्या लोकांना खरं वाटत नसे. पण होतं. कुंडलिका नदीच्या काठाला कारखाना वाढवायचा म्हणून कंपनीने जमीन घेऊन ठेवली होती. कारखाना काही वाढला नाही, आणि पुढे आलेल्या एका हौशी मॅनेजरने तिथे नऊ होल खणून घेतले. अठरा होलांचा पुरा खेळ खेळायचा तर तेच मैदान दोनदा फिरायचं. पावसाळ्यात खालची बाजू पाण्याखाली जाई, मग दसऱ्यापर्यंत क्लब नुसता चहापुरता उघडा.

या क्लबाचा सेक्रेटरी सॉलोमन अष्टमकर. तरुणपणी चेंबूरच्या एका क्लबात कारकुनी करताना तो हा खेळ शिकला, आणि रोह्याला नोकरी मिळाल्यावर मॅनेजरने क्लबाचं सगळं त्याच्यावर सोपवलं. राहायला पुलापलीकडे अष्टमीत. तिथे एकेकाळी बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, भरपूर घरं होती. आता सणाच्या प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष गोळा करायचे तरी पेणला निरोप धाडावा लागे. मुलगा नथानियल इस्राएलला गेला होता. सॉलोमन आणि त्याची बायको दीना जायचं जायचं म्हणत राहिली होती. शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या वारी, सॉलोमन कामाला हात लावत नसे, म्हणून क्लबाच्या सगळ्या स्पर्धा रविवारी.

त्याच्याकडे सर्वांत नाजूक काम होतं ते हँडिकॅप ठरवण्याचं. गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो. पण कसलेला आणि बेताचा अशा दोघांना बरोबरीने खेळता यावं म्हणून बेताच्या खेळाडूला काही फटक्यांची सूट असते. तोच हँडिकॅप. बावीसचा हँडिकॅप असलेल्याने नव्वद फटक्यांत खेळ संपवला, तर हिशेबात त्याचे अडुसष्टच धरायचे. सॉलोमन खेळाडूंची कार्डं बघे, माणूस बघे, आणि फलकावर आकडा लिही. त्या आकड्यावर कधी कोणी वाद घातला नाही.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात क्लबाचे अध्यक्ष हैबतराव मोहिते यांनी नवं काढलं. ते कंपनीचे पर्सोनेल मॅनेजर. त्यांच्या भाच्याने सिंगापूरहून एक सॉफ्टवेअर आणलं होतं, चार फ्लॉप्यांवर. खेळाडूची शेवटची वीस कार्डं भरायची, मशीन त्यातली चांगली दहा निवडतं आणि हँडिकॅप काढतं. अकाउंट्समधून निघालेला एक कॉम्प्युटर क्लबाच्या खोलीत आला, आणि संगणक विभागातल्या अनिता कर्णिकला रोज दुपारनंतर तिकडे बसायला सांगण्यात आलं.

"अष्टमकरसाहेब, तुमचं काम हलकं होईल," हैबतराव म्हणाले.

सॉलोमनला वाईट वाटलं नाही. साठी उलटली होती, चष्म्याचा नंबर वाढत होता. तो कार्डं वाचून दाखवी, अनिता भरे. वीज गेली की दोघं व्हरांड्यात येऊन नदीचं गढूळ पाणी बघत बसत. एकेकाचा आकडा बाहेर पडू लागला आणि सॉलोमन मनातून खूश झाला. कुणाचा त्याच्या आकड्याला तंतोतंत जुळे, कुणाचा एकाने पुढेमागे. इतक्या वर्षांच्या अंदाजाला मशीनने मान डोलवल्यासारखं झालं.

मग कमळाकर गुप्त्याची कार्डं आली. ती वाचताना सॉलोमनचा आवाज बारीक झाला.

अनिताने कळ दाबली. "सतरा," ती म्हणाली. मग फलकाकडे बघितलं. "इथे बावीस आहे. काका, माझं काही चुकलं का? पुन्हा वाचता?"

"नाय, तुझं बरोबर हाय."

"पाचाचा फरक कुणाचाच नाही."

अनिताने पडद्यावरची एक चौकट दाखवली. समितीला वाटलं तर मशीनचा आकडा बाजूला ठेवून इथे आपला आकडा घालता येतो, ती म्हणाली. "बावीस घालू?"

तिने सरळ मनाने विचारलं होतं. हो म्हटलं असतं तर कुणाला काही कळलंही नसतं. पण सॉलोमनला ते जमेना. आजवर बावीस हा त्याचा अंदाज होता. निदान स्वतःला तो तसं सांगू शकत होता. आता शेजारी सतरा उभा होता. आता बावीस लिहिणं म्हणजे सरळ खोटं लिहिणं.

"राहू दे सतराच," तो म्हणाला.

कमळाकर गुप्त्याची पेणला पोह्याची गिरणी होती. कंपनीच्या कँटीनला पोहे देता देता तो क्लबात आला आणि बाहेरचा सभासद झाला. सॉलोमनशी त्याची दोस्ती पंचवीस वर्षांची. ब्याण्णव साली त्याची बायको सुलभा गेली. आजार लांबला होता. त्यानंतर वर्षभर कमळाकर क्लबाकडे फिरकला नाही. गिरणी विकून बडोद्याला बहिणीकडे जातो, असं सगळ्यांना सांगत सुटला. सॉलोमनने पेणला जाऊन जाऊन त्याला पुन्हा मैदानावर आणलं. सुरुवातीला तो फारच वाईट खेळायचा. चेंडूकडे बघायचा आणि भलतीकडेच हरवायचा. सॉलोमनने त्याचा आकडा वाढवत वाढवत बावीसवर नेला, आणि त्यात काही गैर नव्हतं. पण चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यापासून कमळाकरचा हात परत आला. कार्डं सुधारली. तेव्हा आकडा खाली आणायला हवा होता. सॉलोमनने आणला नाही. या महिन्यात नको, पुढच्या महिन्यात बघू, असं करत हिवाळा आला. हिवाळ्यात कंपनी कपची स्पर्धा झाली आणि कमळाकर बावीसच्या जोरावर जिंकला. चांदीचा मुलामा दिलेला तो कप हातात घेऊन तो दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळा हसला. बडोद्याचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

त्या हसण्यासाठी आपण हे केलं, असं सॉलोमनला वाटे. मग आकडा तसाच राहिला.

गणपती उरकल्यावर नवी यादी फलकावर लागली. कमळाकर त्या रविवारी जीप घेऊन आला. खेळ बंदच होता; चार मंडळी चहाला जमली होती. यादीपुढे तो बराच वेळ उभा राहिला.

"सॉलोमन, हे सतरा काय आहे?"

"मशीनची पद्धत वेगळी हाय," सॉलोमन कपात साखर ढवळत म्हणाला.

"सगळ्यांना वेगळी की मलाच?"

कुणीतरी हसलं. "गुप्तेशेठ, आता खरं खेळावं लागणार!" कमळाकरही हसला, पण चहा अर्धा टाकून निघून गेला. पेणच्या वाटेवरची भिसे खिंड चढताना त्याच्या डोक्यात सगळं जागेवर बसलं असावं, कारण दोन दिवसांनी भर दुपारी तो अष्टमीत सॉलोमनच्या दारात उभा राहिला.

दीनाने दार उघडलं. "या भाऊ. आज गिरणी बंद?"

"चालू आहे वहिनी. सॉलोमन आहे?"

कमळाकर ओटीवर सॉलोमनसमोर बसला. दीनाने पाणी आणलं, ते तो प्यायला नाही.

"मला एकच सांग," तो सॉलोमनला म्हणाला. "चौऱ्याण्णवला मी किती होतो?"

"तेव्हा मशीन कुठे होतं?"

"मशीन राहू दे. तुला माहीत आहे. तू कार्ड न बघता सांगशील."

सॉलोमनने चष्मा काढला. "अठरा. फार तर."

"म्हणजे कप मी जिंकला नाही. तू दिलास."

"कमळाकर, तुझी अवस्था काय होती तेव्हा—"

"माझी अवस्था मला ठाऊक होती! घर खायला उठत होतं. लोक भेटले की तोंड पाडून बोलायचे. गिरणीतल्या बायकासुद्धा मला बघून हळू बोलायच्या. तेवढं एक मैदान होतं, जिथे चेंडू माझं ऐकायचा नाही आणि माझी कीवही करायचा नाही. आज कळतंय की तिथेही होती. तू घातलेली." त्याचा आवाज चढला होता. "मला हरू द्यायचं होतंस रे. चार वेळा हरलो असतो आणि पाचव्यांदा माझा मी जिंकलो असतो."

"तू तोवर टिकला असतास का, हेच मला कळत नव्हतं."

"ते तू ठरवणार?"

कमळाकर उठला, पायात चपला घातल्या, आणि पायरीवर थांबला.

"त्या वर्षी दुसरा कोण आला होता?"

सॉलोमनला क्षणभर आठवेना. मग आठवलं, आणि ते तोंडातून बाहेर पडायला वेळ लागला. "बाबाजी. बाबाजी घरत."

"किती फरकाने?"

"दोन."

बावीसातून अठरा गेले तर चार उरतात, हा हिशेब दोघांनाही कळला. कमळाकर निघून गेला.

बाबाजी घरत बॉयलरवरचा फोरमन. पेणपुढच्या जिते गावचा. अधिकाऱ्यांच्या त्या क्लबात जुन्या मॅनेजरने कामगारांसाठीही दार उघडं ठेवलं होतं, आणि त्या दारातून आत आलेला तो एकटाच. रात्रपाळी करून रविवारी सकाळी परस्पर मैदानावर यायचा, पायात कंपनीचे बूट. कुणी त्याच्याशी वाईट वागलं नव्हतं. कुणी फारसं बोललंही नव्हतं. त्या कपनंतर तो यायचा बंद झाला, वर्षभराने स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावाला गेला. तो का येईनासा झाला, हे सॉलोमनने कधी विचारलं नव्हतं. आज त्याला पहिल्यांदा जाणवलं की तीन वर्षं कमळाकरला आपल्या पदरचं काहीतरी दिल्याचं समाधान तो बाळगत आला होता, आणि ते त्याच्या पदरचं नव्हतंच.

दीना आतून सगळं ऐकत होती. संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "दारफळणी जवळ आलीय."

दारफळणीचा सण म्हणजे त्यांचा वर्षाचा मोठा उपास. त्या दिवशी वर्षभराच्या चुकांची देवाकडे माफी मागायची.

"ठाऊक हाय मला."

"देवाची माफी देवाकडे मिळेल. माणसाची माणसाकडेच मागावी लागते, तुझे बाबा म्हणायचे."

"काय तोंडाने जाऊ?"

"हाय त्याच तोंडाने जा. दुसरं कुठून आणणार?"

आधी तो हैबतरावांकडे गेला. समितीपुढे त्याने सगळं सांगितलं आणि राजीनामा ठेवला. हैबतराव अवघडले. त्यांना ही भानगड नको होती. "निकाल एकदा लागला की लागला, अष्टमकर. तीन वर्षांनी बदलायचा म्हटलं तर उद्या प्रत्येक जण जुनी कार्डं घेऊन उभा राहील." नियमाने ते बरोबरही होतं. भिंतीवरच्या विजेत्यांच्या पाटीवरचं कमळाकरचं नाव तसंच राहणार होतं. हँडिकॅपचं काम मात्र अनिताकडे गेलं, आणि मशीनच्या आकड्यात हात घालायचा तर समितीतल्या दोघांची सही लागेल असं ठरलं. सेक्रेटरी म्हणून सॉलोमनने राहावं, असं सगळ्यांनी म्हटलं. तो राहिला. पण खोलीतून बाहेर पडताना कुणी नेहमीसारखं त्याच्या खांद्यावर हात टाकला नाही.

त्याने पेणला गिरणीत फोन लावला. "मी जित्याला बाबाजीकडे जातोय. तू यायलाच हवं असं नाय."

"कुठली गाडी?" कमळाकरने विचारलं.

सॉलोमन रोह्याला पॅसेंजरमध्ये बसला. पेणला कमळाकर चढला. हातात गिरणीच्या नावाची कापडी पिशवी, पिशवीत कप. समोरच्या बाकावर बसला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. दोन्हीकडे भात निसवलं होतं. गाडी पुढच्या स्टेशनातून सुटल्यावर तो बोलला.

"मी त्याचा हात हातात घेतला होता त्या दिवशी. म्हटलं, घरत, छान खेळलात. मोठेपणाने म्हटलं."

"तुला कुठे ठाऊक होतं?"

"म्हणून तर बरं वाटलं होतं मला. आता आठवलं की कसंतरी होतं."

दोघं जित्यात पोचले तेव्हा बाबाजी बांधावर होता. त्याची बायको मालू हिने पोराला पिटाळून त्याला बोलावलं. तो पाय धुऊन पडवीत आला, दोघांना बघून चपापला, खांद्यावरच्या टॉवेलने घोंगडी झटकली. "बसा साहेब. कंपनीतून कुनी गेला का?"

"नाय, नाय. सगळे बरे हायत," सॉलोमन म्हणाला. आणि आढेवेढे न घेता त्याने सांगितलं. मशीन, सतरा, अठरा, कप. कमळाकरच्या बायकोचं दुखणंही सांगितलं, आणि सांगता सांगता त्याला कळलं की हे आपण स्वतःच्या बचावाला आणतोय. तिथे तो थांबला.

बाबाजी टॉवेलची घडी घालू लागला. मग म्हणाला, "म्हंजे त्या दिवशी मी पयला होतो?"

"होय."

"मालू, आईकलंस का गो? पयला होतो म्हनं."

मालू दारात उभी होती. "आता सांगतात?" ती म्हणाली. "तीन वर्सांनी?"

"त्या दिवशी मी लय चांगला खेळलो होतो," बाबाजी सांगू लागला. तो दोघांपैकी कुणाकडे बघत नव्हता. "चेंडू म्हनाल तितं जात होता. असा दिवस परत येत नाय, हे खेळतानाच कळत होता. आनि तरी दोन फटक्यांनी ऱ्हायला. घरी आलो आनि हिला म्हनलो, याच्यापेक्षा चांगला मला जमनार नाय, आनि याच्यात बी जर भागत नसंल तर हा खेळ आपला नाय. काठ्या वाटून टाकल्या. एक ठेवली, तिनं उंदीर मारते ही."

कमळाकरने पिशवीतून कप काढून घोंगडीवर ठेवला. "हा तुमचा आहे, घरत. क्लब पाटीवरचं नाव बदलायला तयार नाही. मी भांडलो. पण हा माझ्या घरात आता राहू शकत नाही."

बाबाजीने कपाला हात लावला नाही. तो सॉलोमनकडे वळला. "अष्टमकरसाहेब, गुप्तेसाहेबांची बायको गेली, तुम्हाला वाईट वाटला. बरोबर हाय. मानसाला वाटनारच. माझा बाप कप झाला त्या वर्साला गेला. कपाच्या आधी दीड महिना. तुम्हाला ठाऊक होता?"

"नाय," सॉलोमन म्हणाला.

"तुम्ही कसा विचारनार? आपली काय बैठक नव्हती." त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"माझं चुकलं, बाबाजी. मला माफ कर."

"आज नाय सांगता येत," बाबाजी म्हणाला. "राग आलाय का, ते बी आजून कळत नाय मला. बघू."

मालूने चहा दिला. सगळ्यांनी तो घेतला. निघताना तिने कप उचलला, पदराने पुसला आणि आत नेला. बाबाजी त्यांना स्टेशनच्या वाटेला लावायला आला नाही.

परतीच्या गाडीत कमळाकर म्हणाला, "तू वाईट नाहीस, सॉलोमन. पण तुला जो दिसतो त्याच्यावरच तुझी माया. मशीनला कुणीच दिसत नाही, ते एका परीने बरं."

"तू मैदानावर यायचा थांबलास, तर मशीन तुला आणायला पेणला येणार नाय."

"तेही खरं," कमळाकर म्हणाला. जरा वेळाने त्याने विचारलं, "आणायला आलास तेवढ्यावरच का थांबला नाहीस रे?" हे भांडणाच्या सुरात नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. सॉलोमन पेण येईपर्यंत विचार करत होता.

"भीती वाटली," तो शेवटी म्हणाला. "तू हरलास तर परत येणार नाहीस, अशी. मी एकटा पडलो असतो. नथानियल त्याच वर्षी इस्राएलला गेला ना."

कमळाकर दारापाशी गेला होता. गाडी थांबत होती. तो परत आला, सॉलोमनच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला, आणि उतरला.

दारफळणीच्या दिवशी सॉलोमन सिनेगॉगमध्ये सकाळपासून बसून होता. पांढरे कपडे, पोटात पाणी नाही. माणसं इतकी थोडी होती की प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू येत होता. माफीच्या प्रार्थना त्याने दरवर्षीप्रमाणे म्हटल्या. दरवर्षी संध्याकाळी दार मिटताना छाती हलकी व्हायची. यंदा झाली नाही. हे असंच असणार, हे त्याला पटलं होतं. "बघू" या बाबाजीच्या शब्दाला तो बांधलेला होता, आणि तो सोडवणं त्याच्या हातात नव्हतं.

भात कापून झालं, मैदान सुकलं, खेळ सुरू झाला. सतराच्या आकड्यावर कमळाकर लागोपाठ हरत होता. गिरणीच्या कामाने खांदा दुखावला होता, चेंडू पूर्वीसारखा लांब जाईना. तो वाईट कार्डं निमूट अनिताकडे देई. मशीन हळूहळू त्याला वर नेत होतं, सतरावरून अठरा, अठरावरून साडेअठरा. "बघ," तो सॉलोमनला म्हणाला, "देतंय की सूट. पण आधी हरायला लावतंय." हे म्हणताना तो चिडलेला नव्हता.

एका रविवारी सकाळी बाबाजी आला. पायात तेच कंपनीचे बूट, अंगात इस्त्रीचा शर्ट. काठ्या नव्हत्या. तो सॉलोमनकडे न जाता सरळ अनिताच्या टेबलापाशी गेला.

"मला खेळायचा हाय. माझा नंबर काय तो सांगा."

अनिताने नाव शोधलं. "काका, तुमची जुनी कार्डं यात नाहीत. नव्याने तीन कार्डं द्यावी लागतील. मग मशीन आकडा देईल."

"तीन तर तीन."

"मार्कर कोण?" म्हणजे त्याचे फटके मोजून कार्डावर लिहिणार कोण. बाबाजीने मागे वळून बघितलं. सॉलोमन खुर्चीतून अर्धवट उठला होता.

"हे लिव्हतील," बाबाजी म्हणाला.

काठ्या कमळाकरने दिल्या. तिघं निघाले. तीन वर्षं हातात काठी नसल्याने बाबाजीचे पहिले दोन-तीन फटके जमिनीतच गेले. चौथ्या होलला पहिल्याच फटक्यात त्याचा चेंडू नदीकडच्या झाडोऱ्यात अडकला. बाहेर काढायला तीन फटके लागले, होलात जायला आणखी तीन.

"सहा लिही," कमळाकर हलकेच म्हणाला. "झाडाच्या मुळांत अडकला होता बिचाऱ्याचा."

सॉलोमनने त्याच्याकडे असं बघितलं की कमळाकरने जीभ चावली. बाबाजी मोठ्याने हसला. त्याला इतकं मोठ्याने हसताना त्या मैदानाने कधी ऐकलं नव्हतं.

"गुप्तेसाहेब, आता तुम्हाला बी ही खोड लागली! सात. सात लिव्हा."

सॉलोमनने सात लिहिले.

पुढच्या होलकडे चालताना बाबाजीने न विचारता वडिलांचं काढलं. कान्हू घरत. हमरापूरकडच्या मिठागरावर आयुष्य गेलं त्यांचं. मिठाने तळपायांना भेगा पडलेल्या, त्या शेवटपर्यंत भरल्या नाहीत. मुलगा साहेब लोकांबरोबर कसलासा चेंडूचा खेळ खेळतो, याचं त्यांना भारी कौतुक. गावात येईल त्याला सांगायचे. "एकदा बगायला आनायचे होते," बाबाजी म्हणाला. "ते ऱ्हायला." सॉलोमनने काही विचारलं, बाबाजीने सांगितलं. मागे कमळाकर चेंडू शोधत होता, तो येईपर्यंत ते बोलत उभे राहिले.

तीन रविवार गेले, तीन कार्डं झाली. अनिताने भरली. कॉम्प्युटरजवळ तिघंही वाकून उभे होते.

"सत्तावीस," ती म्हणाली.

"आधी चोवीस होता," बाबाजी म्हणाला. "म्हातारा झालो."

"कमी-जास्त होईल काका. आणखी कार्डं आली की बदलत जातं."

बाबाजीने पडद्यावर आपलं नाव दोनदा वाचलं आणि टॉवेल खांद्यावर टाकला. गाडीची वेळ झाली होती. व्हरांड्याच्या पायरीवर सॉलोमन त्याच्याजवळ आला. माफीचं पुन्हा विचारावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण विचारलं तर बाबाजीला हो म्हणावंच लागेल, हे लक्षात येऊन तो गप्प राहिला.

"पुढच्या रविवारी मी येनार नाय," बाबाजी म्हणाला. "वाल पेरायचाय. जमिनीतली वल उडायच्या आधी टाकला पायजे."

"बरं."

"त्याच्या पुढच्या रविवारी येतो. तुम्ही असाल ना?"

"असेन की."

बाबाजीने मान हलवली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागला. कमळाकरने जीप काढून मागून हॉर्न दिला, "चला घरत, पेणपर्यंत तरी!" म्हणून ओरडला. बाबाजी थांबला, जरा विचारात पडला, आणि पुढच्या सीटवर चढून बसला.